करण्यात आले

माणसाने निवृत्तीनंतर काय करू नये याची एक यादी आमच्या सौभाग्यवतीने फार आधीपासून तयार ठेवली होती. सोसायटीचे सेक्रेटरीपद, शेअर बाजार, होमिओपॅथीची पेटी, परक्यांची लग्ने जुळवणे, असे सारे तिने त्या यादीत घातले होते. पुस्तक लिहिणे मात्र तिच्या ध्यानात आले नाही. त्या फटीतून मी निसटलो.

मी लेखक नव्हे. १९७३ साली, दुष्काळी कामावरच्या खडीचे ढीग अजून रस्त्याच्या कडेला पडलेले असताना, मी ओव्हरसियर म्हणून धरणाच्या कामावर रुजू झालो आणि ३६ वर्षांनी, २००९ साली, नारळ-शाल घेऊन घरी आलो. मधल्या काळात मी जे काही लिहिले ते मोजमाप पुस्तिकेत. त्या पुस्तिकेला दोनच वाचक असतात, एक बिल काढणारा आणि दुसरा चौकशी करणारा. दोघांनाही शैलीशी काही कर्तव्य नसते. पण माणूस एका धरणावर उमेदीची वर्षे घालवतो, तेव्हा त्याच्या डोक्यात पाणी साठतच जाते. ते कुठून तरी सोडावे लागते. पाच वर्षांत मी सात फुलस्केप वह्या भरल्या.

वह्या उतरवून घेण्याचे काम नातीने अंगावर घेतले. "आजोबा, तुम्ही नुसतं वाचा, मोबाइल लिहील," ती म्हणाली. मोबाइलने लिहिलेही. रात्री जेवणे झाल्यावर तिने आमच्या सर्वांसमोर पहिले प्रकरण मोठ्याने वाचायला घेतले. "आषाढाच्या तिसऱ्या दिवशी सांडग्यावरून पाणी वाहू लागले," हे वाक्य ऐकताच सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोणाचे सांडगे? माझे सांडगे कधी असे ओले राहिलेले नाहीत!" त्या मोबाइलला बिचाऱ्याला सांडवा ठाऊक नव्हता, सांडगा ठाऊक होता. पुढल्या पानावर तर मुख्य अभियंत्यांच्या हस्ते धरणाची ओटीभरणी झाली होती. धरण बांधताना नदीचे पात्र तेवढे मोकळे ठेवतात आणि शेवटच्या उन्हाळ्यात ते भरून काढतात, तिला आम्ही घळभरणी म्हणतो. पण नात म्हणाली, "आजोबा, ओटीभरणीच राहू द्या. छान वाटतं."

अशी ६२ हजार शब्दांची चळत घेऊन मी गावातल्या एका छापखान्यात गेलो. मालकाने पाने चाळली, बोटांवर हिशेब केला. "सोळा पानांचा एक फर्मा. डेमी आकारात १३ फर्मे होतील, २०८ पाने. पण काका, आधी कोणाकडून तरी हे संपादित करून घ्या."

खरे सांगतो, मला राग आला. संपादक हा मासिकात असतो आणि आपले लेखन साभार परत करतो, अशी माझी समजूत. माझ्या पिढीच्या मनात संपादक म्हटला की गिरगावातल्या खटाववाडीत बसलेले 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन. कथा वाचून ती लेखकाला सविस्तर पत्रासह परत पाठवणारी, तिसऱ्या खर्ड्यानंतरही "अजून एकदा पाहावे" म्हणणारी ही माणसे. ते मासिक १९८२ साली बंद पडले. आज तसा संपादक पदरी ठेवणे थोड्याच प्रकाशकांना परवडते. बाकी ठिकाणी ते काम बाहेर दिले जाते किंवा दिलेच जात नाही. आणि माझ्यासारखा जो स्वतःच्या पैशाने पुस्तक काढतो, त्याने आपला संपादक आपणच शोधावा, हा आताचा रिवाज. वरसंशोधनासारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे उपवर मी होतो आणि माझे वय ७३ होते.

मनात धास्तीही होती. आमच्या नगरवाचनालयात मी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' दोन वेगवेगळ्या रूपांत वाचला होता. सत्तावनच्या बंडात सापडून परतलेल्या त्या वरसईच्या भिक्षुकाचे हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापले, ते आपल्या हाताने फेरफार करून. भटजींची मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली ती १९६६ साली. म्हणजे भटजींना स्वतःच्या शब्दांत वाचकांपुढे यायला आणखी ५९ वर्षे थांबावे लागले. वैद्यांनी ते छापले नसते तर कदाचित कोणाला ते ठाऊकही झाले नसते, हे खरे. पण माझे कोणी असे केले, तर ५९ वर्षे थांबण्याइतका वेळ माझ्याजवळ नव्हता.

पहिले स्थळ वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून आले. 'तुम्ही लिहा, बाकी आम्ही पाहतो.' फोनवरचा तरुण फारच गोड बोलला. त्याच्याकडे चांदी, सोने आणि हिरा अशी तीन पॅकेजे होती. हिऱ्यात संपादन, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ आणि एक पुरस्कारही होता. पुरस्कार कशाबद्दल, असे विचारले तर म्हणाला, "ते आपण नंतर ठरवू." यादीत आयएसबीएन क्रमांकाचेही निराळे पैसे लावले होते. नातीने तिथल्या तिथे शोधून सांगितले की आपल्या देशात हा क्रमांक सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो. ज्याचे पैसे पडत नाहीत त्याचे पैसे लावणारे कंत्राटदार मी ३६ वर्षे पाहिले होते. मी फोन ठेवला.

दुसरे माझे एक स्नेही, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी हस्तलिखित आठ महिने ठेवून घेतले आणि परत दिले तेव्हा पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते, 'छान!' दुसऱ्या पानापासून कागद इतके कोरे करकरीत होते की त्यांना हात लागल्याची खूण नव्हती. मैत्री टिकवायची असेल तर मित्राला हस्तलिखित देऊ नये, एवढे मी शिकलो.

तिसरे एक गुरुजी. त्यांनी मात्र पान अन् पान तांबड्या शाईने भरून दिले. माझे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे आहेत, त्याला थोडे सरकारही जबाबदार आहे. मी जुन्या पद्धतीने 'केलें', 'झालें' असे डोक्यावर टिंबे देत लिहायला शिकलो आणि १९६२ साली, ऐन शाळेच्या वयात, नवे नियम आले. डोक्यावरची टिंबे उडाली ती उडालीच. पण ती उडताना माझ्या वेलांट्याही थोड्या सैल करून गेली असावीत. गुरुजींनी त्या घट्ट केल्या, उपकार झाले. पण त्याच झपाट्यात त्यांनी मुकादमाच्या तोंडचे "हितं काय ठिवलंया" हेही शुद्ध करून टाकले. "येथे काय ठेवले आहे?" असे विचारणारा मुकादम मी सबंध नोकरीत पाहिला नाही.

चौथा प्रयोग नातीने केला. हल्ली संगणकात ती बोलकी अक्कल आली आहे, तिला तिने एक प्रकरण दिले. अर्ध्या मिनिटात उत्तर. वाक्ये गुळगुळीत, परिच्छेद सारख्या मापाचे, जणू साच्यातून काढलेल्या विटा. मुकादम जिथे शिवी देत असे तिथे तो 'संतप्त' झाला होता. सौ.ने वाचून पाहिले आणि म्हणाली, "चांगलं आहे, पण हे कोणी लिहिलंय?" मग मी ते बाजूला ठेवले.

शेवटी वाट सापडली ती वाचनालयातच. मला आवडलेली अलीकडची पुस्तके मी पुन्हा काढली आणि ती शेवटून, ऋणनिर्देशाच्या पानापासून वाचायला लागलो. लेखक आईवडिलांचे, बायकोचे, गुरूंचे आभार मानतो, ते सोडून द्यावे. पण मध्येच एखादे वाक्य असते, 'यांनी हस्तलिखित बारकाईने पाहून मोलाच्या सूचना केल्या.' तीन पुस्तकांत एकच नाव आले. तिन्ही पुस्तके वेगवेगळ्या लेखकांची आणि तिन्हींची भाषा ज्याची त्याची. एकाच माणसाचा हात फिरूनही तो दिसत नव्हता, हे मला फार आवडले. एका प्रकाशकाकडून पुण्याचा पत्ता मिळाला. त्या बाई स्वतंत्रपणे, घरी बसून हे काम करतात.

बाईंनी फोनवर आधी एकच विचारले, "काका, हे पुस्तक कोणी वाचावं असं तुम्हाला वाटतं?" मी म्हणालो, सर्वांनी. त्या म्हणाल्या, "सर्व माझ्या ओळखीचे नाहीत. एक माणूस सांगा." मला सांगता आले नाही.

मग त्यांनी कामाची फोड करून सांगितली. आधी पुस्तकात काय आहे, काय नाही, कशाच्या आधी काय यावे हे पाहणे. मग वाक्यावाक्यातून जाणे. आणि सर्वांत शेवटी, मजकूर पानांत बसल्यावर मुद्रितशोधन. लोक तिसऱ्याला संपादन समजतात. आमच्याकडे भिंत उभी राहण्याआधी गिलावा करा म्हणणारे साहेब असत, तशातलेच हे. त्यांनी दहा पाने मागवली आणि ती करून पाठवतो म्हणाल्या. पटले तर पुढे जायचे, न पटले तर नमस्कार. मानधनाचा आकडा आमच्या तीन महिन्यांच्या दूध-भाजीच्या खर्चाइतका होता. तो मी सौ.ला दूध-भाजी सोडून दुसऱ्या हिशेबात सांगितला.

मी चौथ्या प्रकरणातली दहा पाने पाठवली. माझ्या मते ती सर्वांत उत्तम होती. त्यात धरणाची जागा कशी ठरली, मातीच्या चाचण्या, पायाची खोदाई, बुडीत क्षेत्राची आखणी असे सारे रीतसर आले होते. पंधरा दिवसांनी पाने परत आली. तांबडी शाई नव्हती, साधी पेन्सिल. मुकादमाचे बोलणे जसेच्या तसे ठेवले होते. दोन परिच्छेदांची अदलाबदल सुचवली होती आणि मी धरणाची उंची दहा पानांत चार वेळा सांगितली होती, त्यांतल्या तीन ठिकाणी नम्रपणे रेघ मारली होती. इथपर्यंत मी खूश होतो.

सातव्या पानावर माझे एक वाक्य होते. 'बुडीत क्षेत्रातील वाडीच्या ४१ घरांवर पातळीच्या खुणा करण्यात आल्या व यथावकाश वाडी हलवण्यात आली.' 'करण्यात आल्या'खाली रेघ आणि समासात दोन शब्द, 'कोणी केल्या?' 'हलवण्यात आली'खाली रेघ, 'कोणी? कुठे?' आणि पानाखाली बारीक अक्षरात: 'दहा पानांत असे कर्ता नसलेले वाक्य एकोणीस वेळा आले आहे. माती, दगड, यंत्रे यांच्याबद्दल लिहिताना तुम्ही "आम्ही केले" म्हणता. माणसांबद्दल लिहिताना "करण्यात आले" म्हणता. मुद्दाम आहे का?'

संध्याकाळभर मी फणफणत होतो. सरकारी माणूस 'करण्यात आले' म्हणणार नाही तर काय म्हणेल? त्याला पहिल्या दिवशी शिकवतात तेच हे. टिपणी सादर करण्यात येते, आदेश निर्गमित करण्यात येतात, कार्यवाही करण्यात येते. सगळे आपोआप होते, जसा पाऊस पडतो. मी नातीला सबंध पुस्तकात हे किती वेळा आले आहे ते शोधायला सांगितले. यंत्राने आकडा दाखवला, २१४. "आजोबा, तुम्ही धरणावर होता की नव्हता?" तिने हसत विचारले.

रात्री झोप लागली नाही. त्या खुणा कोणी केल्या ते मला चांगले ठाऊक होते.

१९७७ सालची दिवाळी होती. वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुर्बीण, पट्टी आणि तांबड्या रंगाचा डबा घेऊन मी दोन मजुरांबरोबर त्या वाडीत गेलो. धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येईल, त्या पातळीची रेघ प्रत्येक घरावर काढायची होती. ती दिवाळीनंतरही काढता आली असती. पण मला सुट्टी मंजूर झाली होती आणि निघण्याआधी काम संपवायचे होते. वाडीतल्या भिंती नुकत्या सारवलेल्या होत्या. एका म्हातारीने दर्शनी भिंत पांढऱ्या मातीने अशी सुरेख पोतारली होती की मजुरालासुद्धा ब्रश टेकवायला संकोच झाला. तो माझ्याकडे पाहू लागला. मी त्याच्या हातून ब्रश घेतला आणि रेघ ओढली. दाराच्या चौकटीच्या वीतभर वर.

म्हातारी पाहत होती. तिने विचारले, "सायब, पानी ह्या रेघंपातुर येनार, का हितनं माघारी फिरनार?"

पातळी मला पाठ होती, मिलिमीटरपर्यंत. मी म्हणालो, "अजून नक्की नाही, आजी."

ती आत गेली आणि द्रोणात दोन कानवले घेऊन आली. सणाच्या दिवसांत दारात आलेला माणूस तसाच कसा जाणार! मी ते उभ्याउभ्या खाल्ले. मग पुढच्या घराकडे गेलो.

माझ्या ६२ हजार शब्दांत मातीच्या सात चाचण्यांची कोष्टके होती. त्यात हे नव्हते. मी विसरलो होतो म्हणावे, तर तसेही नाही. जवळजवळ दर दिवाळीला पहिला कानवला खाताना ते आठवते आणि मी चहा मागतो.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला आणि सांगितले, काम पुढे चालू करा. आणि तो जो एक माणूस तुम्ही विचारला होता, तोही सांगितला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता पुढचं विचारते. त्या कुठे गेल्या?"

तेही मला ठाऊक नव्हते. घळभरणी झाली, पाणी चढले आणि माझी बदली झाली. पुनर्वसनाची कागदपत्रे दुसऱ्या टेबलावर असत. २१४ पैकी कितीतरी वाक्ये मी आता बदलली आहेत. काही तशीच ठेवली, कारण कोणी केले ते खरोखरच कोणाला सांगता येणार नाही. पण या एका वाक्यापाशी बाई अडून बसल्या. 'हलवण्यात आली'च्या जागी 'आम्ही हलवली' लिहून त्यांचे समाधान होईना. कुठे, ते लिहा.

म्हणून गेल्या महिन्यात मी आणि सौ., भाड्याची गाडी करून, त्या लोकांना दिलेले नवे गावठाण शोधत गेलो. कालव्याच्या लाभक्षेत्रात सरळ रेषेत आखलेले गल्लीवजा गाव. वाडीचेच नाव, मागे 'नवी' लावलेले. विचारत विचारत म्हातारीच्या नातवापर्यंत पोहोचलो. साठीचा गृहस्थ, किराणा दुकान. म्हातारी जाऊन पस्तीस वर्षे होऊन गेली होती. मी कोण ते सांगितले. माझ्या अपेक्षेप्रमाणे तो चिडला नाही. त्याने बाकडे पुढे केले आणि चहा मागवला. चिडला असता तर मला सोपे गेले असते. मी चौथ्या प्रकरणाचे नवे पान त्याच्या हातात दिले. तराजूशेजारी उभ्याने, चष्मा कपाळावर सरकवून, त्याने ते दोनदा वाचले.

"कानवल्याचं बरोबर हाय," तो म्हणाला. "आजी द्रोणातच द्यायची. पर घरं एकेचाळीस न्हवती."

मी म्हणालो, एकेचाळीसच, मी स्वतः मोजली आहेत.

"तुमी रेघ वडली ती एकेचाळीस. वरच्या अंगाला आनि दोन व्हती. ती रेघंच्या वर ऱ्हायली, म्हनून त्यास्नी काय मिळालं न्हाई. रस्ता पान्यात गेला, साळा गेली, हीर गेली. घरं तेवढी ऱ्हायली." दोघांपैकी एक जण मुंबईला माथाडी कामाला गेला, दुसऱ्याने चार पावसाळे काढले, असे त्याने सांगितले. पाचव्या पावसाळ्याचे काही तो बोलला नाही आणि मीही विचारले नाही. सौ.ने निघताना दुकानातून रवा घेतला, दोन किलो. घरी रवा होता.

परतीच्या वाटेवर गाडीतूनच मी बाईंना निरोप धाडला. पान ८७, ओळ तिसरी, ४१ नव्हे, ४३. आणि त्या दोन घरांसाठी अर्धे पान वाढेल, फर्म्याचा हिशेब बिघडला तरी चालेल.

रात्री उत्तर आले. "घेतले. अर्धे पान लिहून पाठवा. प्रुफे दिवाळीनंतर."